माशांच्या रोगजिवाणूंची मारक शक्ती जनुकीय साधनांनी कशी अभ्यासावी : उजनीकाठच्या संशोधकांसाठी मार्गदर्शन

उजनी जलाशयातील कटला, रोहू किंवा चिलापीच्या अंगावर लाल चट्टे दिसले, त्यातून एरोमोनास जिवाणू वेगळा केला, पीसीआरवर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून ओळखणाऱ्या चाचणीत) एरोलायसिन या विषाच्या जनुकाचा पट्टा उमटला आणि ‘हा जिवाणू रोगकारक आहे’ असा निष्कर्ष प्रबंधात लिहिला गेला, हा प्रकार सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रकल्पांमध्ये नेहमी दिसतो. यातला प्रत्येक टप्पा आवश्यक आहे, पण शेवटचे वाक्य मात्र हाती असलेल्या पुराव्यापेक्षा बरेच पुढे गेलेले असते. जनुक असणे, ते माशाच्या शरीरात चालू होणे आणि त्यामुळे मासा आजारी पडणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टॅन्ली फाल्को यांनी १९८८ साली कॉखच्या गृहीतकांना (एखादा जंतूच रोगाचे कारण आहे हे ठरवण्याच्या जुन्या कसोट्यांना) जे जनुकीय रूप दिले, त्याचा गाभा असा की, संशयित जनुक निकामी केल्यावर जिवाणूची रोग निर्माण करण्याची ताकद मोजता येईल इतकी घटली पाहिजे आणि तेच जनुक परत दिल्यावर ती परत आली पाहिजे. पुढील सर्व कृती या एका कसोटीभोवती रचलेली आहे. सोलापूरसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयीन किंवा विद्यापीठीय प्रयोगशाळेत यातले काय करता येते आणि कशासाठी बाहेरची मदत घ्यावी, हेही ओघात सांगितले आहे.

नमुना : इथे चुकले की पुढचे सारे वाया

मेलेला मासा घेऊ नये. पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करणारा, थव्यापासून वेगळा पडलेला, पोट फुगलेला, खवले उभे राहिलेला किंवा परांच्या बुडाशी रक्त साकळलेला मासा जिवंत असताना पकडावा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि अशा हवेत मेलेल्या माशाच्या आतड्यातील जिवाणू थोड्याच वेळात इतर अवयवांत पसरतात. मग मूत्रपिंडातून जे वाढते ते रोगाचे कारण नसून मृत्यूनंतरचे पाहुणे असतात. टेंभुर्णी किंवा करमाळ्याकडून मासा आणायचा असेल तर ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत जिवंत आणणे उत्तम. ते जमत नसेल तर काठावरच लवंग तेलाच्या योग्य मात्रेने वेदनारहित मृत्यू देऊन बर्फावर ठेवावा आणि काही तासांच्या आत उघडावा. तो गोठवू नये.

उघडताना माशाची बाजू सत्तर टक्के अल्कोहोलने पुसून घ्यावी. निर्जंतुक कात्रीने गुदद्वारापुढून पोटाची भिंत कापत कल्ल्यापर्यंत यावे आणि आतडे न फोडता बाजूला सारावे. त्याच्यावर पांढरट, चकचकीत हवेची पिशवी दिसते. ती उचलली की पाठीच्या कण्याला चिकटलेली गडद लाल पट्टी दिसते, तेच मूत्रपिंड होय. निर्जंतुक तारेचा लूप त्यात टोचून थेट ट्रिप्टिक सोय आगर आणि रिमलर-शॉट्स आगर या दोन्ही माध्यमांवर रेघ ओढावी आणि ताटल्या २८ ते ३० अंश सेल्सिअसला २४ तास ठेवाव्यात. रिमलर-शॉट्सवर एरोमोनासच्या वसाहती पिवळ्या येतात.

केवळ जखमेतून घेतलेल्या नमुन्यावर विसंबू नये, याचे एक ठोस कारण आहे. भारतात १९८८ साली पोहोचलेल्या साथीच्या व्रण-रोगात माशाच्या अंगावर खोल जखमा होतात आणि त्या जखमांमध्ये एरोमोनास भरपूर सापडतो, पण त्या रोगाचे मूळ कारण अफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स हा बुरशीसदृश जीव आहे. जिवाणू तिथे मागाहून शिरलेला असतो. त्यामुळे व्रण असलेल्या प्रत्येक माशाच्या स्नायूचा एक तुकडा ऊतिपरीक्षणासाठी फॉर्मॅलिनमध्ये राखून ठेवावा.

वसाहत किमान दोनदा पुन्हा रेघ ओढून शुद्ध करावी. ऑक्सिडेज चाचणी सकारात्मक, मिठाशिवाय वाढ आणि ओ/१२९ या रसायनाला प्रतिकार, एवढ्यावर ती व्हिब्रिओ नसून एरोमोनास असल्याचा अंदाज बांधता येतो. प्रजाती ठरवण्यासाठी मात्र सोळा-एस आरएनए जनुकाच्या सुमारे १५०० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) क्रमावर थांबू नये, कारण एरोमोनासच्या अनेक प्रजातींत हा क्रम जवळजवळ सारखा असतो. जायरेज-बी आणि आरपीओ-डी या जनुकांचे क्रम तपासावेत. एरोमोनास हायड्रोफिला म्हणून नोंदवलेले कित्येक जिवाणू अशा तपासणीत ढाकेन्सिस किंवा व्हेरोनाय या दुसऱ्या प्रजातींचे निघतात.

पीसीआर काय सांगते, काय सांगत नाही

शुद्ध वसाहत निर्जंतुक पाण्यात मिसळून दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवली आणि फिरवून वरचे द्रावण घेतले की साध्या पीसीआरला पुरेसा डीएनए मिळतो. तपासण्यासारखी जनुके पुष्कळ आहेत : एरोलायसिन, हिमोलायसिन, सायटोटॉक्सिक एन्टेरोटॉक्सिन, इलास्टेज, सेरीन प्रोटिएज, लायपेज, कशाभिकेची जनुके, तिसऱ्या प्रकारच्या स्रवण यंत्रणेतील (जिवाणूच्या आतली प्रथिने बाहेर सोडणाऱ्या यंत्रणेतील) घटक आणि सहाव्या प्रकारच्या यंत्रणेतील एचसीपी हे प्रथिन. प्रत्येक फेरीत तीन नियंत्रणे हवीत : जनुक असल्याचे ठाऊक असलेला संदर्भ-जिवाणू, नसल्याचे ठाऊक असलेला जिवाणू आणि डीएनएविरहित नळी. तिसऱ्या नळीत पट्टा आला तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाजूला ठेवावेत. ‘पट्टा फिकट आहे, चालेल’ ही सवय प्रयोगशाळेत एकदा रुजली की काढणे कठीण जाते.

पट्टा न येणे म्हणजे जनुक नसणे असेही नाही, कारण प्रायमर (पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) बसण्याच्या जागी एक-दोन बेस वेगळे असले तरी प्रतिक्रिया फसते. पट्टा आला तरी विष तयार होतेच असे नाही. एरोलायसिनचेच उदाहरण घ्या. ते निष्क्रिय पूर्वरूपात दुसऱ्या प्रकारच्या स्रवण यंत्रणेतून बाहेर पडते. प्रोटिएजने त्याचे टोक कापल्यावरच ते सक्रिय होते, मग पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनांना चिकटते आणि सात रेणू एकत्र येऊन पेशीच्या आवरणाला भोक पाडतात. या साखळीतला एकही दुवा नसला तर जनुक शाबूत असूनही विष निरुपयोगी ठरते.

शक्य असल्यास निवडलेल्या एका-दोन जिवाणूंचा संपूर्ण जीनोम (सगळा डीएनए-क्रम) वाचून घ्यावा. ही सेवा पुण्या-मुंबईकडे आणि इतरत्रही पैसे देऊन मिळते, त्यामुळे त्यासाठी स्वतःचे यंत्र असण्याची गरज नाही. हायड्रोफिलाचा संदर्भ-जिवाणू एटीसीसी ७९६६ याचा जीनोम सुमारे ४७ लाख बेसचा आहे. त्याच्याशी आणि रोगकारक घटकांच्या सार्वजनिक डेटाबेसशी आपल्या जिवाणूची तुलना केली की उमेदवार जनुकांची यादी हाती येते. ही यादी संशयितांची आहे, एवढे भान ठेवावे. पुढच्या टप्प्यात प्लाझ्मिड (जिवाणूतील गुणसूत्राबाहेरचा छोटा डीएनए) रचताना प्रायमर अचूक लागतात, तेव्हाही हाच क्रम कामी येतो.

कोणते जनुक काढायचे

दोन वाटा आहेत. कोणते जनुक महत्त्वाचे असेल याविषयी ठोस अंदाज असेल तर तेच लक्ष्य करावे. अंदाज नसेल तर ट्रान्सपोझॉनने (डीएनएमध्ये कुठेही जाऊन बसणाऱ्या तुकड्याने) जीनोममध्ये यादृच्छिक ठिकाणी खीळ घालून हजारो उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले जिवाणू) तयार करावेत आणि त्यांतून वेगळे वागणारे शोधावेत. टीएन५ आणि मरिनर घराण्यातील हिमार१ ही यासाठीची सर्रास वापरली जाणारी ट्रान्सपोझॉन आहेत. मेंढीच्या रक्ताच्या आगरवर ज्या वसाहतीभोवतीचे पारदर्शक वलय नाहीसे झाले, तिच्यात खीळ कोठे बसली हे क्रम वाचून ठरवता येते. कमी साधनांत करण्यासारखा आणि विद्यार्थ्याला पुष्कळ शिकवणारा हा प्रयोग आहे.

प्रत्येक उत्परिवर्ती वेगळ्या माशात तपासणे अशक्य असते. डेव्हिड होल्डन यांच्या गटाने १९९५ साली प्रत्येक उत्परिवर्त्याला डीएनएची स्वतंत्र खूण जोडून अनेकांना एकत्र प्राण्यात सोडण्याची आणि जे परत मिळाले नाहीत ते ओळखण्याची पद्धत मांडली. आजची टीएन-सेक् पद्धत हेच काम थेट डीएनए वाचून हजारो जागांसाठी एकदम करते. मात्र एक अडचण लक्षात घ्यावी. माशाच्या शरीरात शिरलेल्या जिवाणूंपैकी मोजकेच टिकून वाढत असतील, तर बाकीचे उत्परिवर्ती दुबळेपणामुळे नव्हे तर निव्वळ योगायोगाने गळतात आणि निकाल दिशाभूल करतो. म्हणून आधी खुणा असलेले, पण अन्यथा निर्दोष असे जिवाणू सोडून किती टिकतात ते पाहावे आणि त्यानुसार संचाचा आकार ठरवावा.

कधी कधी सगळी गुरुकिल्ली गुणसूत्राबाहेरच असते. समुद्री माशांना ग्रासणाऱ्या व्हिब्रिओ अँग्विलॅरममध्ये पीजेएम१ हे सुमारे ६५ हजार बेसचे प्लाझ्मिड अँग्विबॅक्टिन हा लोह ओढणारा रेणू तयार करायला मदत करते. ते प्लाझ्मिड गेले की माशाच्या रक्तात लोहाअभावी जिवाणूची वाढ खुंटते. म्हणून आपल्या जिवाणूतील प्लाझ्मिडे कधीही दुर्लक्षू नयेत.

जनुक नेमके काढणे

लक्ष्य जनुकाच्या दोन्ही बाजूंचे सुमारे ५०० ते १००० बेसचे तुकडे पीसीआरने वाढवून एकमेकांना जोडावेत. मधले जनुक काढताना सुरुवातीचे आणि शेवटचे काही कोडॉन (तीन-तीन बेसचे गट) राखावेत आणि वाचनाची चौकट मोडू नये. जिवाणूंत अनेक जनुके एकाच ओपेरॉनमध्ये एकापाठोपाठ वाचली जातात. चौकट मोडली किंवा मध्ये प्रतिजैविक-प्रतिकाराचे मोठे जनुक बसवले तर पुढच्या शेजाऱ्याचे काम बिघडते आणि दोष मात्र काढलेल्या जनुकाच्या माथी येतो.

जोडलेला तुकडा आत्मघाती प्लाझ्मिडमध्ये घालावा. पीआरई११२ किंवा पीडीएम४ यांसारख्या प्लाझ्मिडांचे प्रतिकृती-केंद्र आर६के प्रकारचे असते. ते पाय हे प्रथिन बनवणाऱ्या ई. कोलायमध्येच टिकते आणि एरोमोनासमध्ये गुणसूत्रात शिरल्याशिवाय जगू शकत नाही. एसएम१० लॅम्डा-पाय हा ई. कोलाय दाता म्हणून घेऊन संयुग्मनाने (एका जिवाणूने दुसऱ्याला थेट संपर्कातून डीएनए देण्याच्या क्रियेने) प्लाझ्मिड पोचवावे.

एरोमोनासच्या बाबतीत इथे एक सोय आणि एक सापळा एकत्र येतात. बहुतेक एरोमोनास अँपिसिलिनला जन्मजात दाद देत नाहीत, तर हा दाता अँपिसिलिनने मरतो. म्हणून संयुग्मनानंतर दाता हटवायला अँपिसिलिन उपयोगी पडते. पण त्याच कारणाने अँपिसिलिन-प्रतिकार वाहणारे प्लाझ्मिड निवडीसाठी कुचकामी ठरते, म्हणून क्लोरॅम्फेनिकॉलची खूण असलेले घ्यावे. त्याआधी आपल्या जिवाणूची प्रतिजैविक-संवेदनशीलता तपासलेली असावी. तळ्यातून आलेला जिवाणू क्लोरॅम्फेनिकॉललाही जुमानत नसेल तर पुढचे सगळे श्रम फुकट जातात.

अँपिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या दोन्हींवर वाढलेल्या वसाहतीत प्लाझ्मिड गुणसूत्रात बसलेले असते. आता ते बाहेर काढायचे. या प्लाझ्मिडांवर बॅसिलस सबटिलिसचे सॅक-बी जनुक असते, जे साखरेच्या उपस्थितीत बहुतेक ग्रॅम-ऋण जिवाणूंना मारते. म्हणून एक रात्र प्रतिजैविकाविना वाढवून दहा टक्के सुक्रोजच्या आगरवर पसरावे. या आगरात मीठ घालू नये आणि ताटल्या ३७ अंशांना ठेवू नयेत. मीठ आणि जास्त तापमान दोन्हींमुळे निवड ढिली पडते. सोलापुरात मे महिन्यात बंद खोलीतले तापमानही इतके चढते की ताटल्या टेबलावर ठेवून ‘खोलीचे तापमान’ असे वहीत लिहिणे अर्थशून्य आहे. थंडावा देणारा इन्क्युबेटर वापरून प्रत्यक्ष आकडा नोंदवावा.

सुक्रोजवर वाढलेली प्रत्येक वसाहत क्लोरॅम्फेनिकॉलवरही टोचून पाहावी. तिथे वाढली तर सॅक-बी बिघडले आहे, प्लाझ्मिड गेलेले नाही. जी वाढत नाही तिच्यात दोन शक्यता असतात : जनुक निघाले आहे किंवा जिवाणू मूळ रूपात परतला आहे. तुकड्यांच्या बाहेर बसणाऱ्या प्रायमरांनी पीसीआर केली की लहान आणि मोठा पट्टा यावरून ते स्पष्ट होते. मूळ रूपात परतलेली एक वसाहत मुद्दाम जपून ठेवावी. ती संयुग्मन, प्रतिजैविक आणि साखर या सगळ्यांतून उत्परिवर्त्यासोबतच गेलेली असल्यामुळे तुलनेसाठी मूळ जिवाणूपेक्षाही न्याय्य जोडीदार ठरते. ही गोष्ट फार थोडे जण करतात.

जे जनुक काढले तर जिवाणूच जगत नाही, त्यासाठी क्रिस्पर-हस्तक्षेपाने केवळ वाचन दाबण्याचा पर्याय आहे. एडवर्डसिएला पिसिसिडा या माशांच्या दुसऱ्या रोगजिवाणूसाठी वरचीच पद्धत थोड्या फरकाने चालते. फ्लेवोबॅक्टेरियम कॉलम्नेर या आणखी एका रोगजिवाणूच्या वाटेला मात्र अनुभवी मार्गदर्शकाशिवाय जाऊ नये. त्याचे प्रवर्तक-क्रम (जनुक चालू करणारे डीएनए-क्रम) इतके वेगळे आहेत की ई. कोलायची प्रतिकार-जनुके त्याच्यात बोलतच नाहीत, म्हणजे चालूच होत नाहीत आणि त्याच्या घराण्यासाठी बनवलेली वेगळी प्लाझ्मिडे लागतात. २०२२ साली या एका नावाखालचे जिवाणू चार प्रजातींत विभागले गेल्यामुळे जुने निष्कर्ष नेमके कोणाला लागू आहेत हेही तपासावे लागते.

जनुक परत देणे

प्रबंधाची मुदत जवळ आली की हाच टप्पा गाळला जातो, आणि तो गाळला की आधीचा पुरावा लंगडा राहतो. जनुक त्याच्या स्वतःच्या प्रवर्तकासह पीबीबीआर१ गटातील प्लाझ्मिडवर परत द्यावे. प्लाझ्मिडच्या अनेक प्रती असल्याने जनुक गरजेपेक्षा जास्त बोलू शकते. शिवाय माशाच्या शरीरात प्रतिजैविक नसल्यामुळे काही जिवाणू ते प्लाझ्मिड टाकून देतात. म्हणून प्रयोगाच्या शेवटी परत मिळालेल्या जिवाणूंपैकी किती जणांत प्लाझ्मिड टिकले ते मोजावे. टीएन७ या ट्रान्सपोझॉनच्या साहाय्याने गुणसूत्रात जीएलएमएस जनुकाच्या मागे एकच प्रत बसवणे अधिक स्वच्छ असते.

फरक मोजणे

पहिली चाचणी नेहमी वाढीचा आलेख. उत्परिवर्ती साध्या माध्यमातच सावकाश वाढत असेल, तर माशातला त्याचा दुबळेपणा हा मारक शक्तीचा प्रश्न नाही. त्यानंतर रक्ताच्या आगरवरील वलय, दुधाच्या आगरवरील प्रोटिएज, ०.३ टक्के आगरमधील पोहणे आणि क्रिस्टल व्हायोलेटने जैवपटल (पृष्ठभागाला चिकटून वाढणारा जिवाणूंचा थर) मोजावे. हे सर्व माशाच्या पाण्याशी जुळणाऱ्या तापमानाला करावे, रुग्णालयीन सवयीने ३७ अंशांना नव्हे. एडवर्डसिएलामध्ये फॉ-क्यू हे प्रथिन तापमान ओळखून साधारण २३ ते ३५ अंशांच्या दरम्यानच स्रवण यंत्रणा चालू करते. चुकीच्या अंशांवर मोजणाऱ्याला ती यंत्रणा झोपलेलीच दिसेल.

काहीच फरक दिसला नाही तरी निराश होऊ नये किंवा जनुक निरुपयोगी आहे असेही लिहू नये. हायड्रोफिलात एरोलायसिन आणि हिमोलायसिन ही दोन विषे एकमेकांची उणीव भरून काढतात. उंदराच्या पिलांवरील प्रयोगात दोन्ही जनुके काढल्यावरच जिवाणूची ताकद लक्षणीयरीत्या घटली होती.

जिवंत माशांवरील चाचणी संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीच्या लेखी मंजुरीनंतरच करावी, माशांची संख्या संख्याशास्त्रज्ञाकडून ठरवून घ्यावी आणि मरणासन्न मासा मरेपर्यंत थांबण्याऐवजी ठरलेल्या लक्षणांवर त्याला वेदनामुक्त करावे. प्राथमिक चाळणीसाठी मेणकिड्याच्या अळ्या चालतात. मूळ आणि उत्परिवर्ती समप्रमाणात मिसळून त्याच माशात देण्याची स्पर्धा-चाचणी कमी माशांत जास्त सांगते, कारण माशामाशातला फरक दोघांनाही सारखाच लागू होतो. पण बाहेर स्रवणारे विष काढलेला उत्परिवर्ती शेजारच्या मूळ जिवाणूच्या विषावर जगू शकतो, तिथे ही चाचणी फसते. टोचणी आणि पाण्यातून संसर्ग यांतही फरक आहे. चिकटण्याची किंवा पोहण्याची क्षमता गेलेला जिवाणू टोचल्यावर निर्धास्त वाढतो आणि पाण्यातून देताना मात्र माशाच्या चिकट आवरणापाशीच अडतो.

मर्यादा आणि विल्हेवाट

जनुक काढणे आणि तेच परत देणे, एवढीच या कामाची व्याप्ती ठेवावी. नवे विष किंवा उपचारात वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकाचा प्रतिकार रोगजिवाणूत घालण्याचे कोणतेही कारण या प्रश्नात नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९च्या नियमांनुसार असे काम सुरू होण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे मांडावे लागते. एरोमोनास माणसाच्या जखमेतही शिरतो, म्हणून दुसऱ्या स्तराची जैवसुरक्षा, हातमोजे आणि बोटावर चीर असेल तर त्या दिवशी सुट्टी, हे नियम पाळावेत.

सोलापूर शहराचे पिण्याचे पाणी उजनीतून येते, तेव्हा टाकीतले पाणी क्लोरीनची मात्रा देऊन आणि पुरेसा वेळ ठेवूनच सोडावे. मासे, ताटल्या, नळ्या ऑटोक्लेव्हमधून काढल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नयेत. प्रयोगातला उरलेला मासा तळ्यात सोडण्याची भूतदया येथे चालत नाही. मूळ जिवाणू, मूळ रूपात परतलेली वसाहत, उत्परिवर्ती आणि जनुक परत मिळालेला जिवाणू असे चौघेही पंधरा ते वीस टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवावेत. उन्हाळ्यात वीज गेल्यावर एकच फ्रीझर भरवशाचा नसतो, म्हणून प्रत्येकाचा दुसरा संच वेगळ्या इमारतीत किंवा सहकारी प्रयोगशाळेत, जैवसुरक्षा समितीला कळवून आणि कुपीवर जनुकाचे नाव, तारीख व पीसीआरची वही-पृष्ठसंख्या लिहून ठेवावा.